विमानात भिंत कुठं हाय?

रंगीत चित्र हातात दिले की सार्जंट ते आधी पालथे घालायचे. टेबलावर उलटे ठेवून वर आपला रुंद तळहात दाबायचे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारायचे, "धरलंय कुठं?"

ते चित्र काढायला मला चार-चार दिवस लागलेले असत. पण उत्तर मिळाल्याशिवाय ते चित्र उलटत नसत. आधी प्रश्न, मग रंग.

तुम्ही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कधी काम केले असेल, तर अशी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. हुद्दा लहान, पण एखादा भाग बिघडला की कारखान्यातले सगळे तो त्यांच्याच पुढ्यात ठेवून गप्प उभे राहतात. आमच्याकडे त्यांना सगळे सार्जंट म्हणत. हवाई दलात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे विमानांचे सांगाडे दुरुस्त करण्यात घालवली होती. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. निवृत्तीनंतर आमच्या कारखान्यात तपासनीस म्हणून आले, कुपवाडलाच एक खोली घेऊन राहिले आणि दर शनिवारी एसटीने गावी जात राहिले.

त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला कारण आहे आणि ते शेवटाकडे सांगतो. बाकी सगळे लिहिणार आहे, कारण त्यांच्याविषयी एका कागदावर खोटे लिहिले गेले आणि ते मी लिहिले होते. माझी सत्तरी उलटून गेली आहे. हे आता कुणा दुसऱ्यावर सोपवता येणार नाही.

आमचे मालक सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उसाचे रान सांभाळता सांभाळता त्यांनी पत्रा कापण्या-वाकवण्याचा कारखाना काढला आणि जिद्दीने विमानाच्या भागांचे काम मिळवले. भाग लहानच: कोन, पट्ट्या, पेट्या तोलून धरणारी ब्रॅकेटे. पण विमानाचा भाग म्हटला की तो नुसता बनवून चालत नाही. तो किती भार सोसेल हे आधी सिद्ध करावे लागते. त्यासाठी अण्णांनी मला पुण्याहून बोलावून घेतले. मी मूळचा सांगलीचाच. संगणकावर असे हिशेब करणारा त्या वेळी आमच्या वसाहतीत मी एकटा होतो आणि हे मला चांगलेच ठाऊक होते.

त्या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. सांगायला ती अवघड नाही. एखादा भाग संगणकात उभा करायचा, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, कुठून भार येतो आणि भाग कुठे पक्का बसवलेला आहे हे सांगायचे. मग संगणक एकेका तुकड्यावर किती ताण येतो ते काढतो आणि चित्र रंगवून देतो. ताण कमी तिथे निळा, जास्त तिथे तांबडा. चित्र इतके देखणे येते की बघणाऱ्याला ते खरेच वाटते. काढणाऱ्यालाही वाटते.

"झाली का रंगपंचमी?" सकाळी माझ्या खोलीत डोकावून सार्जंट विचारायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना कौतुकाने पडदा दाखवला होता. म्हटले, आधी दहा हजार तुकडे होते, आता पन्नास हजार केलेत. उत्तर किती बारकाईने येते बघा. त्यांनी पडद्याजवळ नाक नेले. बराच वेळ पाहिले.

"सायेब, कांदा कितीबी बारीक चिरा. मीठ इसरलं तर कालवण अळणीच."

"मीठ कोणतं?"

"धरलंय कुठं, त्ये."

माणूस काटेकोर होता आणि त्याचा त्रास सगळ्यांना होता. कारखान्याच्या दारात त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. आत येणाऱ्याने खिशातली, कानावरची शिसपेन्सिल त्यात टाकायची. अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलीची रेघ ओढली तर दमट हवेत त्या रेघेखालचा धातू हळूहळू खाल्ला जातो, हे त्यांना हवाई दलात पहिल्या महिन्यात शिकवलेले. टोकदार हत्याराने ओरखडा काढणे तर त्याहून वाईट. तडा जायला तेवढी जागा पुरते. ते स्वतः खूण करायचे ती निळ्या स्केचपेनने, शाळेतली मुले वापरतात तसल्या.

एकदा खुद्द अण्णांच्या कानावरची पेन्सिल त्यांनी उचलली.

"आवं सार्जंट, कारखाना माझा हाय!"

"कारखाना तुमचाच हाय अण्णा. अॅल्युमिनम त्येंचं हाय, वर बसनाऱ्यांचं."

अण्णांनी पेन्सिल डब्यात टाकली आणि दिवसभर प्रत्येकाला हा किस्सा स्वतःच सांगितला.

सार्जंट चुकत नसत असे नाही. एकदा एका पट्टीवर त्यांनी निळे वर्तुळ काढले आणि जाहीर केले की ही हितं उलणार. पट्टी चाचणीच्या चौकटीत महिनाभर हादरे खात राहिली, तिला तडा गेला नाही. ते दर सोमवारी जाऊन तिच्यापुढे उभे राहत. शेवटी पोरांनी चेष्टा सुरू केली.

"सार्जंट, पाव्हणं आलं का?"

"न्हाई रं. एसटी चुकली आसंल."

पुढे कबूल केले, की पट्टी बरोबर होती आणि आपला अंदाज चुकला. ते त्यांनी तपासणीच्या वहीत तशाच शब्दांत लिहूनही ठेवले. मी ते वाचले तेव्हा हसलो होतो. आपली चूक कोणी विचारले नसताना कशाला लिहायची, असे मला वाटले होते.

त्यांच्या टेबलाच्या खणात लग्नपत्रिका असत. नव्या-जुन्या, आलेल्या, दुसऱ्यांकडून मागून घेतलेल्या. आमच्या भागात पत्रिकांना तोटा नाही, आणि त्या जाड पुठ्ठ्याच्या असतात. सार्जंट त्या कात्रीने कापून, वाकवून, ज्या भागाचे काम चालू असेल त्याचा नमुना बनवत. गणपतीच्या चित्रामधून घडी जाऊ नये एवढी काळजी घेत. बाकी वधू-वरांच्या नावांवरून कात्री खुशाल चालायची.

तर आता ती गोष्ट.

शिकाऊ वैमानिकांच्या एका लहान विमानासाठी ब्रॅकेटचे काम आले होते. काटकोनात वाकवलेला पत्रा. एका बाजूला चार बोल्टांनी विमानाच्या सांगाड्याला जोडायचा, दुसऱ्या बाजूवर उपकरणांची पेटी बसणार. मी हिशेब केला. चित्र जवळजवळ सगळे निळे आले. मी खूश होतो. या एका भागावर अजून अकरा भागांचे काम अवलंबून होते आणि त्या अकरांचे हिशेब मी याच रीतीने करून ठेवले होते.

सार्जंटनी चित्र पालथे घातले.

"धरलंय कुठं?"

"चारही बोल्टांना."

"कशाला धरलंय?"

"कशाला म्हणजे? पक्कं धरलंय. बोल्टांच्या जागा हलणार नाहीत असं सांगितलंय संगणकाला."

"म्हंजी भिंतीला धरलंय."

"समजा भिंतीला."

"विमानात भिंत कुठं हाय, सायेब?"

त्यांनी खणातून पत्रिका काढली. पाच मिनिटांत ब्रॅकेटचा नमुना कापला, वाकवला. आधी तो चार टाचण्यांनी माझ्या लाकडी कपाटाच्या दाराला टोचला आणि बोटाने वरून दाबला. कुठेही घडी पडली नाही. मग दुसरी अख्खी पत्रिका माझ्या दोन हातांत दिली.

"ह्यो विमानाचा पत्रा. धरा. आवळून न्हाई, सैल धरा. त्यो बी वाकतो की वर गेल्यावर."

त्याच चार टाचण्यांनी त्यांनी तो नमुना माझ्या हातातल्या पत्रिकेला टोचला आणि तितक्याच बोटाने दाबला. माझ्या हातातला पुठ्ठा मागे झुकला. वरच्या दोन टाचण्यांनी भार सोडला, तो खालच्या दोघींवर आला, आणि तिसऱ्या टाचणीशेजारी, ब्रॅकेट जिथे काटकोनात वळते तिथे, एक बारीक घडी पडली. त्यांनी स्केचपेनचे टोपण दातांनी काढले आणि घडीवर निळे वर्तुळ काढले.

"धरणाराबी हालतोय. त्येला बी हिशेबात घ्या. आन् वळणावर पट्टी जाड करा."

तुम्हाला हे वाचताना जितके स्पष्ट दिसले, तितकेच मला तेव्हा दिसले होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला कळले नाही, असे झाले नाही.

"सार्जंट, पुठ्ठा म्हणजे अॅल्युमिनियम नव्हे," मी म्हणालो.

"न्हाईच. पर वाकायचं कुठनं, ह्ये पुठ्ठ्याला बी कळतंय."

मी हिशेब बदलला नाही. मागचा पत्रा हिशेबात घ्यायचा म्हणजे बारा भागांचे काम पहिल्यापासून करायचे आणि अण्णांना सांगायचे, की मी ज्याला पक्के म्हणालो ते पक्के नव्हते. ग्राहकाकडे अहवाल गेला.

चाचणीसाठी ग्राहकाने खऱ्या विमानाचा पत्राच पाठवला होता. त्यावर ब्रॅकेट बसवले. सुरू करण्याच्या आधी सार्जंट आले, तिसऱ्या बोल्टाशेजारी वळणावर निळे वर्तुळ काढले आणि यंत्र चालवणाऱ्याला म्हणाले, "गड्या, हितं बघत ऱ्हा. सायबांच्यात निळं म्हंजी निवांत. माझ्यात निळं म्हंजी नजर ठेव."

दुपारची जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे बाहेर डबे सोडून बसले होते, मी एकटा आत होतो. वर्तुळाच्या मधोमध, केसासारखा, तडा आला होता.

मी यंत्र बंद केले. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवला आणि वर्तुळ पुसले. एका फटक्यात गेले. खाली पत्रा लख्ख होता, ओरखड्याचे नावही नव्हते. मग मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि ती जागा घासली. कुणी विचारले असते तर तडा नीट दिसावा म्हणून घासले, असे सांगणार होतो. एकदा घासल्यावर तिथे आधी ओरखडा होता की नव्हता, हे कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचे लोक आले. माझ्या अहवालात वाक्य होते: तपासनिसाने टोकदार हत्याराने केलेल्या खुणेपासून तडा सुरू झाला. यंत्र चालवणाऱ्याने खूण पाहिली होती, पण ती कशाने केली ते त्याला कुणी विचारले नाही. खूण केली होती, हे सार्जंटनी स्वतःच कबूल केले.

अण्णांनी त्यांना माझ्यासमोर बोलावले.

"सार्जंट, ओरखडा काढलासा व्हय?"

"पेनाची खूण व्हती, अण्णा."

अण्णा माझ्याकडे वळले. "सायेब?"

"टोकदार स्क्रायबरची असावी," मी म्हणालो.

सार्जंटनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादा भाग हातात आला की आधी ते तो असा उजेडाकडे करून बघत, तसे. मग त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या चित्राकडे गेली. ते चित्र सुलटे होते. त्यांनी ते पालथे घातले नाही.

आता यात एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वाचणारा हीच काळजी करील आणि त्याने करावीही. विमान धोक्यात नव्हते. त्याच आठवड्यात मी मागचा पत्रा हिशेबात घेतला. नेमक्या त्या वर्तुळाच्या जागी तांबडा ठिपका उमटला. मी वळणावर पट्टी जाड केली, बाकीचे अकरा भागही पुन्हा तपासले आणि त्यातले दोन दुरुस्त केले. अहवालात लिहिले: अधिक खबरदारी म्हणून. दुसरी चाचणी शेवटपर्यंत गेली, तडा नाही. ती ब्रॅकेटे आजही उडतात. विमानाचे मी सगळे नीट केले. माणसाचे केले नाही.

सार्जंटचा वर्षाचा करार महिनाभरात संपत होता, तो पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी ते आपली मोपेड पुसत फाटकाशी उभे होते. मी टाळून निघालो होतो, पण त्यांनी हाक मारली.

"सायेब, वळणावर पट्टी जाड केली का न्हाई?"

"केली."

"किती?"

मी सांगितले. त्यांनी मनात काहीतरी जुळवून पाहिले.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि मोपेडला किक मारली.

मला वाटले होते ते भांडतील. त्यांनी एक शब्द काढला असता तर बहुधा मी कबूल झालो असतो, अशी मी पुढे बरीच वर्षे स्वतःची समजूत घालत आलो. ती समजूत आता काढून टाकतो. कबूल होण्यासाठी मला कुणाच्या भांडणाची गरज नव्हती.

त्या बारा भागांवर कारखाना वाढला. नवीन इमारत झाली, हिशेब करणारी तरुण मुले-मुली आली. त्यांना मीच शिकवले आणि पहिल्या दिवशी पहिला प्रश्न मीच विचारायचो: भाग कुठे धरला आहे, आणि ज्याने धरला आहे तो हलतो का? हळूहळू तो आमच्या तपासणीच्या यादीत पहिल्या ओळीत छापला गेला. अण्णा वारले. सार्जंट गेल्याचेही कुणाकडून तरी कळले. मी गेलो नाही.

गेल्या वर्षी कारखान्याने माझा सत्कार केला. सांगलीतच, एका लहान सभागृहात. हिशेबाच्या विभागाची प्रमुख आता एक मुलगी आहे, इस्लामपूरची, बुद्धीने माझ्यापेक्षा दोन पावले पुढे. ती बोलायला उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडे नवीन मुलं चित्र घेऊन आली की आम्ही ते उलटं ठेवतो. याला आमच्यात सरांचा प्रश्न म्हणतात. सरांनी आम्हाला विचारायला शिकवलं." टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. तेवढ्यात उठून चार वाक्ये बोलता आली असती. मी दुसऱ्यांदा गप्प बसलो.

या वेळी मात्र ते पचले नाही. आठ दिवसांनी मी त्या मुलीच्या टेबलासमोर जाऊन बसलो आणि वर लिहिले आहे ते सगळे तिला सांगितले. तिने मधे एकदाच विचारले, "सर, दुसरी चाचणी खरी होती ना?" खरी होती. मग ती उठली, जुन्या कपाटातून ती फाइल शोधून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"तुमच्या हातानं लिहा," ती म्हणाली. त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही.

मी लिहिले. तडा हिशेबातल्या चुकीमुळे आला. चूक माझी. ती जागा तपासनिसाने चाचणीआधी अचूक दाखवली होती. खूण शाईची होती, ती मी पुसली. त्यांचे पूर्ण नाव, गाव, हवाई दलातला हुद्दा. खाली माझी सही. तो कागद फाइलमध्ये पहिल्या पानावर लागला, नव्या मालकांनी त्यावर शिक्का मारला, आणि यादीतल्या पहिल्या ओळीखाली त्यांचे नाव आले. ज्या गोष्टीची शिक्षा मला व्हायला हवी तिला आता फार वर्षे लोटली आहेत, असे नवे मालक म्हणाले. त्यांचे त्यांच्यापाशी. मी प्रत घेतली आणि साताऱ्याची एसटी पकडली. पुढे मेढा, आणि तिथून जीप.

सार्जंटची बायको ओसरीवर सुपात नाचणी पाखडत होती. मी नाव सांगितले. त्यांनी मला ओळखले.

"कुपवाडचं सायेब न्हवं? या. लय सांगायचे तुमचं. लय हुशार मानूस म्हनायचे."

हे ऐकूनही मी बसलो. कागद काढला आणि म्हणालो, "वहिनी, त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. खोट्यानं गेली. ते यात लिहिलंय."

त्यांचा सूप धरलेला हात थांबला. "नोकरी गेली? त्येंनी सोडली न्हवं? गुडघं दुखत्यात म्हनून."

मला तेव्हा समजले, की सार्जंटनी घरी काहीच सांगितले नव्हते. मी माझा भार उतरवायला आलो होतो आणि तो या बाईच्या ओसरीवर आणून टाकत होतो. पण आता परत फिरण्यात अर्थ नव्हता. मी कागद वाचला. त्या म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचला, या वेळी सावकाश.

त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तरी म्हटलं, गुडघं दुखनारा मानूस रोज डोंगर चढून म्हसरं कशी आनतोय. एवढी वर्सं मी गुडघ्याला तेल चोळत बसली." त्यांनी पदराचे टोक डोळ्यांना लावले, आणि त्यातच हसल्याही. "लबाड."

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या.

मी विचारले, की हे सगळे मला दिवाळी अंकात छापायला द्यायचे आहे, त्यांचे नाव घालू का?

"नगा. जितं खोटं लिवलं व्हतं तितं खरं लिवलं न्हवं? मग बास. गावात त्येंच्या नावाला कवा डाग न्हवता. आता धुवायला काडाल तर लोक इचारतील, कसला व्हता." म्हणून नाव नाही. ते फाइलमध्ये आहे, जिथे असायला हवे तिथे.

निघताना त्यांनी थांबायला सांगितले आणि आतून एक जुनी ट्रंक ओढत आणली. आत कापलेल्या, वाकवलेल्या लग्नपत्रिका होत्या. नातवंडे खेळतात म्हणाल्या. मी एकेक उचलून पाहिली. आणि आमचे ब्रॅकेट सापडले. तिसऱ्या छिद्राशेजारी वळणावर निळे वर्तुळ. पण पत्रिका त्यांच्याच धाकट्या मुलीच्या लग्नाची होती, आणि तिच्यावरची तारीख नोकरी सुटल्यानंतरची. वळणावर आतून पुठ्ठ्याची दुसरी पट्टी चिकटवलेली होती. मी फाटकापाशी जाडी सांगितली होती, त्याच प्रमाणात. माझी दुरुस्ती पुरेल की नाही, हे त्यांनी घरी येऊन तपासले होते.

"त्ये दाबून बघायचे," वहिनी म्हणाल्या. "मलाच धरायला लावायचे. आवळून धरलं की वरडायचे."

त्यांनी सूप बाजूला सरकवले. ट्रंकेतली एक अख्खी पत्रिका काढून दोन हातांत उभी धरली, सैल, बोटांच्या टोकांनी. जुन्याच टाचण्या होत्या, गंजलेल्या. त्यांनी मी ते ब्रॅकेट चार ठिकाणी त्या पत्रिकेला टोचले.

"हितंच धरू का?" त्यांनी विचारले.

"तिथंच."

मी बोटाने वरून दाबले. त्यांच्या हातातला पुठ्ठा हातांसकट मागे झुकला. वर्तुळाच्या जागी घडी पडली नाही. मी अजून दाबले. पडली नाही.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे, वहिनी."

मी बोट काढून घेतले. त्या तशाच धरून बसल्या होत्या.